कॅमेऱ्यावर टाकलेला टॉवेल

एका वाचक बाईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं: वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका, मुक्काम अमळनेर तालुक्यातलं एक गाव. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी सुरतेला दिलेली. पौषात एका रात्री मोरीत पाय घसरून बाई पडल्या. मनगट सुजलं, मोडलं नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी शेजारणीच्या तोंडून मुलाला कळलं. लगेचच्या शनिवारी तो आला, पुढच्या खोलीत कॅमेरा बसवला, आईच्या हाताला स्मार्ट घड्याळ बांधलं आणि निघताना म्हणाला, "पुन्हा असं झालं तर सरळ पुण्याला."

तेव्हापासून स्वतःचं घर परक्यासारखं वाटतं. एकदा ओट्यावरच्या बायका आत येऊन बसल्या होत्या, तेवढ्यात कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज आला, "आई, गोळी घेतली का?" सगळ्या जणी पदर सावरत उठून गेल्या. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापायला घेतली की घड्याळ विचारतं, तुम्ही पडलात का? एका सोमवारी बाईंनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. गुरुवारी मुलाचं लक्ष गेलं आणि भांडण झालं. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगा-सून येणार आहेत. "म्हातारपण मला मान्य आहे, पण ही पाळत मान्य नाही. घड्याळ काढलं तर तो चिडतो, घातलं तर मी म्हातारी ठरते. काय करू?" शेवटी ता. क. म्हणून दोन ओळी आहेत: भजनी मंडळ सोडलं, कारण "हल्ली सगळ्या तोंडातल्या तोंडात म्हणतात, शब्दच कळत नाहीत."

---

बाई,

गावात सगळे तुम्हाला बाई म्हणतात असं लिहिलंत, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाकरीपाशी हसू फुटलं. घड्याळातला सेन्सर हाताची हालचाल मोजतो. जोराचा दणका बसला की त्याला वाटतं माणूस कोसळलं. ज्यांनी तो बनवला त्यांच्या घरी परातीत भाकरी थापत नसावेत. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू आलं नाही, कारण तुमच्या प्रश्नापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये ढकललेली दिसली. तिथे येईनच. आधी तुम्ही विचारलंय त्याचं बघू.

म्हातारपण मान्य आहे, असं तुम्ही लिहिता. मला ते अर्धंच खरं वाटलं. मान्य असतं तर पडल्याचं त्याच रात्री मुलीला नाही तर निदान शेजारणीला सांगितलं असतं. तुम्ही सुजलेल्या मनगटाला हळद लावून पदराखाली लपवलंत, कारण पडणं उघड झालं की आपण म्हातारे झालो हे शाबित होतं, असं कुठेतरी वाटत होतं. रागावू नका. पण कॅमेरा तुमचं वय बघून आलेला नाही. वय तर आदल्या शनिवारीही तेवढंच होतं. तो आला तुम्ही लपवलंत म्हणून. आई सांगत नाही हे एकदा कळलं, की पुण्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यात रात्री दोन वाजता काय काय येत असेल, ते तुम्ही शिक्षिका म्हणून नाही, आई म्हणून ओळखाल. रात्रभराच्या ट्रॅव्हल्सइतकं अंतर आहे मध्ये.

मुलाचीही एक चूक आहे, आणि ती नीट समजून घेतलीत तर आखाजीला भांडावं लागणार नाही. तुम्ही पडलात मोरीत. कॅमेरा आहे पुढच्या खोलीत. मोरीत तो लावता येत नाही, लावूही नये. म्हणजे जिथे पडला नाहीत तिथे पहारा बसला. दुसरं, असले कॅमेरे घरात काही हललं तर फोनला कळवतात; काहीच हललं नाही तर काहीच कळवत नाहीत. सोमवार ते गुरुवार टॉवेलाखाली काही हललं नाही, मुलाचा फोन वाजला नाही, आणि न वाजणारा फोन म्हणजे आई बरी आहे असं त्यानं धरलं. त्या चार दिवसांत तुम्ही खरोखर मोरीत पडून राहिला असतात तरी त्याला तसंच वाटलं असतं. हे त्याला टोमणा म्हणून सांगू नका. फक्त विचारा, "बेटा, चार दिवस तुला काय दिसत होतं?" तो हुशार आहे, पुढचं त्याचं तो जोडेल.

तुम्हा दोघांना हवी ती व्यवस्था उलटी आहे: काही घडलं नाही तर जी बोलते ती. रोज सकाळी आठच्या आत तुम्ही त्याला व्हॉट्सॲपवर आवाजातला निरोप पाठवायचा. तब्येतीचा अहवाल नको. काय भाजी टाकली, कापसाचा भाव काय निघाला, कुणाकडे पाहुणे आले, एवढंच. नऊपर्यंत निरोप नाही आला तर त्यानं फोन करायचा. उचलला नाही तर शेजारणीला. शेजारणीकडे किल्ली. आणि इथे एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: रात्री तुम्ही आतून कडी घालत असाल तर बाहेरच्या किल्लीचा काही उपयोग नाही, शेजारी दार फोडेपर्यंत तास जातो. बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅचचं कुलूप बसवा आणि रात्रीची कडी सोडा. चोराची भीती वाटते? मग कॅमेरा अंगणाच्या दिशेनं बाहेर फिरवून घ्या. तिथे तो खरंच कामाचा आहे, आणि मुलाचे पैसेही वाया गेले असं होणार नाही.

घड्याळाबद्दल माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ते टाकून देऊ नका. दिवसभर तुमच्या ओट्यावर माणसांचा राबता असतो, तुम्ही पडलात तर दोन मिनिटांत चार जणी धावतील. तेव्हा ते फळीवर चार्जिंगला राहू द्या. एकट्या असता त्या रात्रीच्या वेळी, आणि मोरीत जाताना फोन कुणी नेत नाही. म्हणून रात्री झोपताना हातात, सकाळी भाकरीच्या आधी फळीवर. आंघोळीला घालायचं असेल तर पाणी चालतं का ते मुलाला विचारून घ्या. बहुतेक घड्याळं जवळच्या फोनवरूनच कॉल लावतात, तेव्हा फोन उशाशी चालू हवा आणि मोरीपर्यंत त्याची जोडणी टिकते का, हे आखाजीला तो आला की त्याच्यासमोर एकदा करून बघा. पहिला कॉल पुण्याला नको, शेजारणीला जाऊ द्या. पुण्याहून कुणी उचलायला येऊ शकत नाही. रुग्णवाहिकेचा १०८ कागदावर मोठ्या अक्षरात दाराच्या मागे लावा. घाबरलेल्या शेजारणीला आयत्या वेळी तो आठवत नाही.

आता मोरी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तंत्रज्ञान तिथेच लागतं आणि तेच कुणी भेट म्हणून पाठवत नाही. भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा (चिकटवायचा नव्हे, ड्रिल मारून बसवलेला), पायाखाली रबरी जाळी, आणि पलंगापासून मोरीपर्यंत हालचाल होताच लागणारे दोन सेन्सरचे दिवे, बॅटरीवरचे, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. गावातला प्लंबर आणि वायरमन मिळून एका दुपारचं काम आहे. हे आखाजीची वाट न बघता करून टाका. मुलगा आला की त्याला आधी मोरी दाखवा, मग कॅमेऱ्याचा विषय काढा. तो क्रम महत्त्वाचा आहे.

पण पाय का घसरला? ओली फरशी, असं तुम्ही लिहिलंत. फरशी तर रोजच ओली असते. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता, आणि रात्री उठलात तेव्हा "क्षणभर अंधारी आल्यासारखं" झालं होतं, असंही ओघात लिहून गेलात. ही अंधारी डॉक्टरांना सांगितली का? पत्रावरून तरी नाही वाटत. झोपून एकदम उठलं की काही जणांचा रक्तदाब खाली जातो. तपासणी सोपी आहे: पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलण्याचा विचार करतात. मनानं गोळी बंद करू नका, ते पडण्याहून वाईट. तोवर पलंगाच्या कडेला पाय सोडून जरा वेळ बसा, मग उठा. आणि घरात एकच यंत्र विकत घ्यायचं असेल तर दंडाला पट्टा बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला, दंड छातीच्या पातळीत, बोलणं बंद. चहानंतर अर्धा तास थांबून. दोनदा मोजा आणि वहीत लिहा. हजेरीपट पस्तीस वर्षं भरलेल्या माणसाला वही कशी ठेवायची ते मी काय सांगणार.

घड्याळाच्या दहा हजार पावलांच्या मागे मात्र लागू नका. ओसरीत येरझाऱ्या घालून तुम्ही ती पुरी करता, हे वाचून वाईट वाटलं. तो आकडा कुठल्या वैद्याच्या वहीतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर, आणि तो आकडा जगभर चिकटून बसला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं तरी जरा धाप लागेल असं चालणं सांगते, आणि पासष्टीपुढच्यांना त्यासोबत तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. तुम्हाला या व्यायामांची गरज जास्त आहे. हाताचा टेकू न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. ओट्याचा खांब धरून एका पायावर उभ्या राहा, मग बोटं सैल करा. घड्याळ याची नोंद ठेवत नाही, पण मोरीत तोल सावरतात ते मांडीचे स्नायूच.

आता तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे: घड्याळ घातलं तर मी म्हातारी ठरते. बाई, चष्मा तुम्हाला चाळिशीत लागला, तेव्हा कुणी म्हातारी म्हणालं? तुमच्या पिढीच्या शिक्षकांना एमएस-सीआयटी करावंच लागलं, पन्नाशीच्या आसपास तुम्ही माउस धरायला शिकलात. आणि याच पत्रात, अगदी सहज, तुम्ही लिहिलंय की कामानं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेईना म्हणून गेल्या नोव्हेंबरात फोनवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला तुमचा तुम्हीच काढलात, आणि मग गल्लीतल्या आणखी दोन पेन्शनर आजोबांचाही काढून दिलात. तो परिच्छेद वाचा पुन्हा. सगळ्या पत्रात तेवढाच ताठ मानेनं लिहिलेला आहे. चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे, तरी कितीतरी जण अजून रिक्षा करून, रांगेत उभं राहून तो देतात. तेव्हा यंत्राशी तुमचं वाकडं नाही. फोन तुम्ही वापरता आणि कॅमेरा तुम्हाला वापरतो, राग त्याचा आहे, आणि तो योग्य आहे. मुलाशी बोलताना शब्द जपून वापरा. "मला यंत्र नको" म्हणालात तर तो तुम्हाला हट्टी समजेल. "मला न विचारता बसवलंस" म्हणालात तर त्याला गप्प बसावं लागेल. ही ओळ वाचणाऱ्या मुला-मुलींनीही ऐकावं: आईच्या घरात भिंतीला भोक पाडण्याआधी आईला विचारतात.

आणि आता ता. क.

सगळ्या जणी तोंडातल्या तोंडात म्हणतात? त्याच बायका, त्याच चाली, वर्षानुवर्षं तुमच्या शेजारी बसून मोठ्यानं गाणाऱ्या, आणि अचानक सगळ्याच पुटपुटायला लागल्या? शाळेत एखाद्या पोरानं "बाई, फळ्यावरचं पुसट दिसतं" म्हटलं तर तुम्ही खडू बदलला असता की त्याला डोळे तपासायला पाठवलं असतं?

वय होतं तसं कान आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना सोडतात. जाड आवाज, म्हणजे स्वर, पोहोचत राहतात. स, श, च, फ, ख यांसारखी व्यंजनं गळतात. म्हणून आवाज येतो पण शब्द उमगत नाही, आणि आपल्याला प्रामाणिकपणे वाटतं की समोरचाच नीट बोलत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी निसटतात. टाळ, मृदंग आणि पंखा एकत्र चालू असले की विचारूच नका. सुनेशी फोनवर बोलणं कमी झालंय, ती "घाईत बोलते" असं तुम्ही लिहिलंत, तेही मला याच खात्यात जमा करावंसं वाटतं.

हे मी घरात बघितलंय. आमचे आबा शेवटची आठ-नऊ वर्षं ऐकण्याचं यंत्र शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या डब्याशेजारी ठेवत. विचारलं की म्हणायचे, ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय? आम्हाला तो विनोद वाटायचा. दारावरून जाणारा अहिराणीत हाक मारायचा, "बरं शे ना, आबा?" आणि आबा अंदाजानं मान डोलवायचे. हळूहळू लोकांनी हाक मारणं सोडलं. त्यांना कमी ऐकू येतं याची सवय आम्हीच लावून घेतली, आणि ते एकटे पडले हे फार उशिरा लक्षात आलं.

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण आपल्या हातात असलेल्या चौदा गोष्टी मांडल्या. त्यात उपचार न केलेलं कमी ऐकू येणं आहे, आणि एकटेपणही आहे. तुम्हाला तसं काही होईल असं मी मुळीच म्हणत नाही. पण मुलानं हजारो रुपये खर्चून तुमच्या मनगटाची काळजी घेतली आणि ज्यामुळे तुम्ही माणसांतून उठून घरात बसलात त्या कानाकडे कुणाचं लक्ष नाही, हे मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त खुपतं. त्यात तुमचाही वाटा आहे. "कानातलं मशीन तेवढं मला सांगू नका," असं तुम्ही कंसात लिहूनच ठेवलंय. सांगते तरी.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, अमळनेर नाहीतर जळगाव-धुळे. कधी कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं. पिन, काडी, गरम तेल यांतलं काही घालू नका. मग ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून कुठली पट्टी किती ऐकू येते त्याचा आलेख. यंत्र लागलं तर त्या आलेखाप्रमाणे बसवून दिलेलं घ्या. फोनवर जाहिरात बघून मागवलेलं स्वस्त यंत्र पंख्यालाही तेवढंच मोठं करतं. ते दोन दिवसांत खणात जातं आणि दोष सगळ्या यंत्रांच्या नावावर लागतो. घेण्याआधी काही दिवस वापरून बघायला मिळेल का, आणि पुढे पट्टी जुळवायला किती वेळा यायचं, हे विचारून घ्या. तुमच्यासारखी पेन्शन नसलेल्या वाचकांसाठी: केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र, काठी, चष्मा अशा वस्तू मिळतात, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र लोकांना त्यासाठी एकदा ३,००० रुपये. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा, किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर.

इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र आहे त्यांना या महिन्यात आणखी एक सूचना. आपल्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या त्या यंत्राच्या पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकतो. डबी घट्ट लावून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, फ्रिजमध्ये नाही. आणि केळ सोलून त्याच बोटाला सुई टोचू नका. आधी हात धुऊन कोरडे करा. रावेर-यावलकडच्या एका वाचकानं २९० आकडा बघून घर डोक्यावर घेतलं होतं.

राहिला "सरळ पुण्याला" हा धाक. त्याचं उत्तर आत्ता हो किंवा नाही असं देऊ नका. एक कागद घ्या आणि तुमच्या अक्षरात लिहा की काय झालं तर तुम्ही स्वतः होऊन कुणाकडे राहायला जाल. उदाहरणार्थ, स्वयंपाक करता येईनासा झाला, किंवा सहा महिन्यांत दोनदा पडले. पुण्याला की सुरतेला, की मुलीनं-मुलानं आळीपाळीनं इथे यायचं, तेही लिहा. गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर आणि पासबुकं कुठे आहेत ते खाली. एक प्रत मुलाला, एक मुलीला. आणि यापुढे पडलात, अंधारी आली, काही झालं, तर त्याच दिवशी सांगेन हे त्याच कागदावर लिहून सही करा. त्याच्याकडून कॅमेरा काढून घेण्याची किंमत तेवढीच आहे, आणि ती तुम्ही द्यायला हवी.

कानाच्या डॉक्टरांकडे मात्र आखाजीच्या आधी जाऊन या, शेजारणीला सोबत घेऊन, कारण डॉक्टर काय म्हणाले ते एकीनं तरी पुरतं ऐकायला हवं. यंत्र लागलंच तर सुरुवातीला रोज दोन-तीन तास घाला, घरातच, एका माणसाशी बोलताना. भांड्यांचा आवाज डोक्यात जाईल, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटेल. मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत भजनाला जाऊ नका, टाळांनी वैतागून यंत्र काढून टाकाल. यंदा आखाजीची गाणी झोक्याजवळ बसूनच ऐका, आणि मंडळाला आषाढीला येते असा निरोप देऊन ठेवा.